ओट्सची बिस्किटं आणि आपला हिशेब

(मंडळाच्या महिला शाखेत श्रावणात झालेल्या प्रात्यक्षिकासह व्याख्यानाचा मजकूर)



श्रावणातल्या कार्यक्रमात दरवर्षी आपण एखादा पदार्थ करून दाखवतो. गेल्या वर्षी उकडीचे मोदक झाले, त्याच्या आधल्या वर्षी सुरळीच्या वड्या. यंदा कार्यकारिणीतल्या मुली म्हणाल्या, "काकू, ओट्सची बिस्किटं दाखवा. सुका मेवा आणि चॉकलेट घालून. सोपी हवीत, बिनअंड्याची हवीत आणि पौष्टिक हवीत." सोपी आणि बिनअंड्याची या दोन अटी मी आज पुऱ्या करते. तिसऱ्या अटीबद्दल मात्र थोडं बोलायचं आहे. कारण त्या एका शब्दापायी आमच्या घरात घोटाळा झाला, आणि तो दुसऱ्या कुणी नाही, मीच केला.

आपल्या बडोद्यात गृहविज्ञान शिकण्याची सोय १९५० पासून आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, त्यांच्या काळात ती विद्याशाखा सुरू झाली. मी तिथेच शिकले आणि पुढे शाळेत पंचवीस वर्षं मुलींना तोच विषय शिकवला. म्हणजे "मला बाई यातलं काही कळत नव्हतं" असं म्हणायची मला सोय नाही.

तर झालं असं. आमच्या ह्यांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, तेही मागे बसलेत. माणूस शिस्तीचा. डॉक्टरांनी सांगितल्या दिवशी चहातली साखर सोडली. तीन कप चहा, कपाला एक चमचा, म्हणजे दिवसाची तीन चमचे साखर गेली. श्रीखंड समोर आलं तरी चमचाभरच. मला त्यांची दया यायची. मग कुठे तरी वाचलं की ओट्स मधुमेहाला चांगले, कोलेस्टेरॉललाही चांगले. मी ओट्सची बिस्किटं करायला लागले. मनुका घातल्या, काळं चॉकलेट घातलं, मैद्याऐवजी कणीक घेतली. डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "ही तुमची. ओट्सची आहेत, खुशाल खा."

सकाळच्या चहाबरोबर दोन, दुपारच्या चहाबरोबर दोन, जेवणानंतर तोंड गोड करायला एक-एक. दिवसाला सहा. तीन महिन्यांनी रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो आकडा असतो तो ७.१ होता, तो ८.३ झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "काही नवीन सुरू केलंय का?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हटलं, "छे, उलट पथ्य वाढवलंय."

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. जो हिशेब मी मुलींना फळ्यावर करून दाखवायचे, तो माझ्याच डब्याचा पहिल्यांदा केला. तो हिशेब तुम्हाला सांगणारच आहे. पण आधी बिस्किटं करायला घेऊ, म्हणजे बोलता बोलता भाजून होतील.

पहिली गोष्ट, ओट्स म्हणजे काय. हिंदीत याला जई म्हणतात. उत्तर भारतात जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी ती पिकवतात. जव वेगळं, त्याला आपण सातूही म्हणतो. जवस तर त्याहून वेगळं. दुकानात गेल्यावर या तिघांत गोंधळ नको. ओट्सचा दाणा वाफवून रुळाखाली चपटा करतात, ते रोल्ड ओट्स. आपल्या पोह्यांचंच तंत्र. आपल्याला तेच हवेत. झटपट शिजणारे ओट्स जास्त बारीक असतात, तेही चालतात, फक्त बिस्किटाला दाणेदारपणा कमी येतो. मसाल्याचं पाकीट मात्र यात घालू नका. हसू नका, आमच्या एका विद्यार्थिनीने घातलं होतं.

साहित्य सांगते, लिहून घ्या. सगळं वजनात देणार आहे. वाटी प्रत्येक घरची वेगळी. माझ्या सासूबाईंची वाटी आणि माझी वाटी यांत एक मोठा घास जास्त-कमी होता, आणि त्यावरून पहिली दोन वर्षं आमचं जमत नव्हतं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या, बिस्किटाला तो लागतोच.

२४ बिस्किटांसाठी:

रोल्ड ओट्स – १५० ग्रॅम
कणीक – १०० ग्रॅम
बिनमिठाचं बटर – ११५ ग्रॅम
साखर – ७५ ग्रॅम
काकवी – ४० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे
दूध – एक ते दोन मोठे चमचे
खाण्याचा सोडा – अर्धा लहान चमचा
मीठ – दोन चिमटी
दालचिनीची पूड – अर्धा लहान चमचा
मनुका आणि बारीक चिरलेले जर्दाळू मिळून – ६० ग्रॅम
काळं चॉकलेट, सुरीने जाडसर चिरून – ६० ग्रॅम

काकवी पाहून काहींनी भुवया उंचावल्या. अंडं नसेल तर बिस्किट धरून कोण ठेवणार, हा प्रश्न आहे ना, त्याचं उत्तर काकवी. आणि ही काही आपली तडजोड नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अँझॅक नावाची ओट्सची बिस्किटं घरोघरी करतात. पहिल्या महायुद्धात लढलेल्या त्यांच्या सैनिकांच्या नावाशी ती जोडलेली आहेत. त्यांत अंडं नसतंच. साखरेचा एक सोनेरी पाक घालतात, तो दिसायला आणि वागायला आपल्या काकवीचा चुलत भाऊ. काकवी नसेल तर तेवढाच गूळ चमचाभर पाण्यात वितळवून, गाळून, गार करून घ्या. आपल्या शेजारच्या जैन घरीही ही बिस्किटं देता येतात, तेवढं त्यांचं पथ्य विचारून घ्यावं.

आता कृती. निम्मे ओट्स मिक्सरमध्ये दोनदाच फिरवून रव्यासारखे करायचे, निम्मे तसेच ठेवायचे. ओट्सला गव्हासारखा चिकटपणा नसतो. सगळे अख्खे घातले तर बिस्किट उचलताना मोडतं. थोडे बारीक ओट्स आणि कणीक मिळून त्याला बांधून ठेवतात.

मनुका दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून, निथळून, फडक्यावर कोरड्या करायच्या. कोरड्याच घातल्या तर वर आलेली मनुका भट्टीत जळते, फुगते आणि कडू लागते. एवढ्या साध्या गोष्टीने निम्मा फरक पडतो.

बटर मऊ हवं, वितळलेलं नको. बोट दाबलं की खड्डा पडावा, बस. बटर आणि साखर तीन-चार मिनिटं फेसायची. त्यात काकवी आणि एक चमचा दूध. वेगळ्या भांड्यात ओट्स, कणीक, सोडा, मीठ, दालचिनी एकत्र करून ते यात मिसळायचं. कणकेसारखं मळायचं नाही, मळलं की बिस्किट चिवट होतं. फार कोरडं वाटलं तरच दुसरा चमचा दूध. शेवटी सुका मेवा आणि चॉकलेट.

चॉकलेट घेताना पुडीमागची बारीक अक्षरं वाचा. कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेल घालून केलेलं स्वस्त कंपाउंड मिळतं. ते सजावटीला ठीक, चवीला मेणचट. आणि 'डार्क' एवढं लिहिलं म्हणून भुलू नका. टक्केवारी पाहा. ५५ टक्के लिहिलं असेल तर उरलेलं बहुतेक साखर असते.

हा गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा. याचा कंटाळा करू नका. ओट्स ओलावा शोषून घेतात, बटर घट्ट होतं, आणि भट्टीत बिस्किट पसरून शेजारच्याला चिकटत नाही. मी सकाळी करून आणलाय तो हा पाहा.

आता याचे २४ गोळे. प्रत्येकी साधारण २५ ग्रॅम, मोठ्या लिंबापेक्षा लहान, सुपारीपेक्षा मोठा. वजनकाट्यावर करा. हे मी का म्हणते ते पुढे कळेल. ट्रेवर कागद घालून दोन-दोन बोटांच्या अंतरावर ठेवायचे आणि तळहाताने दाबायचे. ओव्हन दहा मिनिटं आधी १७० अंशांवर तापवलेला हवा. १३ ते १५ मिनिटं.

ज्यांच्याकडे साधा मायक्रोवेव्ह आहे त्यांनी त्यात करू नये, तो भाजत नाही, नुसता तापवतो. कन्व्हेक्शनचा असेल तर चालेल. काहीच नसेल तर जाड बुडाची कढई घ्या. तळाला वाटीभर मीठ, त्यावर कड, वर झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग ताटलीत पाच-सहा बिस्किटं ठेवून मंद आचेवर १८ ते २० मिनिटं. आमच्या पिढीने केकसुद्धा असेच केले आहेत.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाची सूचना. बाहेर काढाल तेव्हा बिस्किट मऊ असेल. कडेला सोनेरी, मध्ये दाबलं तर बोट रुतेल असं. तुम्हाला वाटेल कच्चं राहिलं, अजून पाच मिनिटं ठेवू. ठेवू नका. ते ट्रेवरच गार होताना कडक होतं. भट्टीतच कडक होण्याची वाट पाहिलीत तर गार झाल्यावर दात मागेल.

ट्रे आत गेला. आता पंधरा मिनिटं आपला हिशेब.

एका बिस्किटात ओट्स किती? १५० भागिले २४, म्हणजे सव्वासहा ग्रॅम. बटर जवळपास पाच ग्रॅम. साखर म्हणाल तर वरून घातलेली, काकवीतली, मनुकांतली आणि चॉकलेटमधली मिळून सुमारे सात ग्रॅम. चहाचा एक चमचा चार ग्रॅमचा धरा, म्हणजे पावणेदोन चमचे. उष्मांक ११० च्या आसपास. आमचे हे दिवसाला सहा खात होते. सहा साते बेचाळीस ग्रॅम साखर. दहा चमचे! चहातले तीन चमचे सोडून मी त्यांना बिस्किटातून दहा चमचे दिले होते. शिवाय ओट्स आणि कणीक यांचा स्टार्च वेगळा, त्याचीही शेवटी साखरच होते.

मग ओट्स चांगले म्हणतात ते खोटं का? खोटं नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. पाण्यात शिजवलं की ओट्सला जो बुळबुळीतपणा येतो, तो त्याचाच. तो पोटात साखर सावकाश शोषू देतो आणि कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयाच्या आरोग्याचा उल्लेख करायला मान्यता दिली, पण तीही दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या हिशेबाने आणि एकूण आहारात संपृक्त चरबी कमी असेल तर.

आता १०० ग्रॅम ओट्समध्ये हा तंतू साधारण चार ग्रॅम. म्हणजे तीन ग्रॅमसाठी ७५ ग्रॅम ओट्स पोटात जायला हवेत. सव्वासहा ग्रॅमच्या हिशेबाने बिस्किटं किती? बारा! बारा बिस्किटांत साखर २१ चमचे, उष्मांक १३०० च्या वर, आणि बटर ५८ ग्रॅम, शंभर ग्रॅमच्या पुडीतलं निम्म्याहून जास्त. कोलेस्टेरॉल कमी करायला निघालेला माणूस अर्धी पुडी बटर खाऊन बसला.

उलट सकाळी ४० ग्रॅम ओट्सची गाजर, मटार, कढीलिंब घालून तिखटमिठाची लापशी केली, तर सहा बिस्किटांहून जास्त ओट्स मिळतात आणि साखरेचा एक चमचाही वरून पडत नाही. आणि ओट्सच हवेत असंही नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतही तंतू भरपूर आहेत.

हा घोटाळा फक्त माझ्या डब्याचा नाही. आपण उपासाला नाही का, साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू खातो आणि उपास केला म्हणतो? एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्याकडे कुणी उगाच म्हटलेलं नाही. खजूर-अंजिराच्या वड्यांवर 'बिनसाखरेच्या' अशी चिठ्ठी असते. खजुरात साखर जवळजवळ दोन तृतीयांश असते. मनुकांतही निम्म्याहून जास्त. फळातून आली म्हणून रक्त तिला वेगळी ओळखत नाही.

पदार्थ तोच राहतो, आपण त्याला एक चांगलं नाव देतो आणि मग मोजणं सोडतो. नुकसान त्या मोजणं सोडण्याने होतं. ह्यांना मी श्रीखंड चमचाभरच वाढत होते, कारण ते गोड आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. बिस्किटाचा डबा मात्र उघडा ठेवला, कारण मी त्याला औषध म्हटलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग करायचीच कशाला ही बिस्किटं? करायची, कारण ती फार छान लागतात! गोड म्हणून करायची. लहानपणी गणपतीच्या आधी आई पितळी डब्यात तूप, पिठीसाखर आणि मैदा घालून द्यायची आणि आम्ही भावंडं भट्टीवर नानकटाई करून आणायला जायचो. सुरतेच्या डचांच्या भट्ट्यांतून नानकटाई इकडे पसरली असं सांगतात. आम्हाला डच ठाऊक नव्हते, आम्हाला रांग ठाऊक होती. पत्र्यावर नावाची चिठ्ठी, भट्टीचा तो वास, आणि घरी येईपर्यंत डब्यातून कमी झालेल्या चार नानकटाया. त्या नानकटाईला कुणी पौष्टिक म्हटलं नाही. म्हणून आई ती मोजून द्यायची. एका हातावर एक.

आमच्या घरी आता तीच पद्धत आहे. महिन्यातून एकदा २४ बिस्किटं होतात. करतात हे! वजनकाट्यावर गोळे तोलायचं काम त्यांनी घेतलंय, निवृत्त हिशेबनीस आहेत, एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. डॉक्टरांना विचारून ठरलंय, दुपारच्या बिनसाखरेच्या चहाबरोबर एक बिस्किट, तेही रोज नाही. ते हळूहळू खातात आणि मला वाटतं पूर्वीच्या सहांपेक्षा त्यांना ते जास्त आवडतं. पुढच्या तपासणीत आकडा ७.४ वर आला. तेवढं श्रेय बिस्किटाचं नाही, औषधाचं आणि संध्याकाळच्या कमाटीबागेतल्या फेऱ्यांचं आहे. पण डबा बंद झाला, हेही एक कारण आहेच. तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल तर आमचं प्रमाण उचलू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

ठेवण्याबद्दल दोन शब्द. आपल्याकडे भाद्रपदातली हवा दमट, बिस्किटं लगेच सादळतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतील. घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस राहतात. सादळलीच तर १५० अंशांवर पाच मिनिटं, पुन्हा खुसखुशीत. कधी चॉकलेटवर पांढुरकी झाक दिसते. ती बुरशी नसते, चॉकलेट गरम होऊन पुन्हा गोठलं की त्यातलं कोकोचं लोणी वर येतं. मात्र केसाळ, हिरवट काही दिसलं किंवा वास आला, तर सरळ फेकून द्या.

वास आला का? आपल्या ट्रेचा म्हणते आहे. काढूया. पाहा, कडा सोनेरी, मध्ये मऊ. हात लावू नका अजून.

ती गार होतात तोवर एक विनंती करते आणि थांबते. पंधरवड्यात गणपती येतील. दहा दिवस घरोघरी आरतीला जाणं होईल, हातावर मोदक, खिरापत, पेढा पडेल. प्रसाद तो प्रसाद, चिमूटभर घेतला तरी पोचतो. आरतीला आलेल्या मुलांना ही बिस्किटं जरूर द्या. शक्य असेल तर त्यांच्याकडूनच करवून घ्या, आठ वर्षांचं मूलसुद्धा गोळे तोलू शकतं. पण आपल्या वयाचा कुणी पाहुणा "नको, मला साखर आहे" म्हणाला, तर त्याला "घ्या हो, ओट्सची आहेत, काही होत नाही" असं म्हणू नका. आग्रह हा आपला जुना गुण आहे, पिढ्यान्पिढ्या बडोद्यात राहूनही आपण तो सोडलेला नाही. पण त्या माणसाने मोठ्या निग्रहाने उच्चारलेलं 'नको' आपण एका चांगल्या नावाने मोडतो. मी ते माझ्याच घरात तीन महिने मोडलं.

त्याला म्हणा, "गोड आहे. अर्धं देऊ का?" आणि तो नाही म्हणाला, तर एक कप बिनसाखरेचा चहा द्या आणि दोन मिनिटं जवळ बसा.

आता बिस्किटं घ्या. समोर चोवीस आहेत आणि आपण चाळीस-पंचेचाळीस जणी आहोत. तेव्हा दोघींत एक. हिशेब जमला! मागच्या रांगेतल्या बंधूंना उरलीसुरली, आणि ह्यांचं आजचं घरी खाऊन झालंय, त्यांना कुणी आग्रह करू नये.

गणपती बाप्पा मोरया!